विष न पाहिलेले कोळी

नाही, नाही, वर नका जाऊ, खाली या आधी — ती बाटली पिशवीत ठेवा आणि या आत, चपला राहू द्या पायात, फरशी कुठं सोन्याची आहे माझी. बसा. पंखा लावते. आठ दिवस झाले, मी तुमची वाट बघतेय, दुपारची झोपसुद्धा सोडली, कारण तुमची येण्याची वेळ तीच आणि जिना पडला बाहेरून — तुम्ही बेल न वाजवता थेट गच्चीवर. भामाबाई ना? गळ्यातल्या कार्डावर लिहिलंय की. घाबरू नका, तक्रारबिक्रार काही करायची नाही मला, तुमच्यावर राग नाही. राग कशाचा? नळ यायचा आठव्या दिवशी, म्हणून माणसं पिंपं भरून ठेवणार, भरलेल्या पिंपात डास होणार, डासानं लेकरं तापानं फणफणणार, मग महापालिका तुम्हाला पिशवी देऊन उन्हात पाठवणार — ह्यात कुठं कुणाची चूक आहे, दाखवा. आम्ही इथं पुंडलिकनगरात घर बांधलं तेव्हा पलीकडं ज्वारी होती, विहिरीला पाणी होतं. आता पलीकडं पाच मजले, त्याच्या पलीकडं सात, आणि सगळ्यांच्या गच्चीवर पिंपं. पाणी घ्या. हे फिल्टरचं आहे, ह्यात तुमचं औषध नाही.

गाव कुठलं? सिल्लोडकडचं? मग तर तुम्हाला काय सांगायचं. कपाशीवर कोळी पाहिला असेल की — लाल कोळी? व्हय ना? पाऊस लांबला, ऊन चढलं, की पानं आधी ठिपक्या-ठिपक्यांची, मग तांब्यासारखी, मग जाळं. दुष्काळात माणसं बेजार आणि कोळी मजेत. या इकडं, दाखवते. या, या, ही मागची खोली. तो मलमलीचा कपडा मी काढते, तुम्ही हात नका लावू. ट्रेमध्ये ओला कापूस, कापसावर घेवड्याचं पान, चारी बाजूंनी पाणी — पाणी ओलांडून जाता येत नाही त्याला, म्हणजे पानावरच राहतो. दिसलं काही? नाही दिसणार. हे भिंग धरा. पानाच्या मागच्या बाजूला, शिरेजवळ — हं! चालला ना? आता तुम्हाला वाटत असेल, बाईचं डोकं फिरलंय, लोक कोळी मारायला औषधं आणतात आणि ही पानं खाऊ घालून सांभाळतेय. शेजारच्या वहिनी तेच म्हणतात. त्यांनी सगळ्या गल्लीत सांगितलंय, माहितीये मला.

पण हे साधे कोळी नाहीत. ह्यांनी विष कधी पाहिलेलं नाही. ह्यांच्या आईनं नाही, आजीनं नाही, पणजीनं नाही. करमाडला दगडाबाई म्हणून म्हातारी होती, रस्त्याला लागून घर, मागं परसात दहा-बारा वांग्याची झाडं, आणि अशी कजाग, की पंप पाठीला लावलेला माणूस बांधावर दिसला तरी दगड घेऊन उठायची. ‘माह्या वांग्याला औषीद नको, माह्या नातवंडायला खायचंय ते.’ तिच्या वांग्यावरून आणले मी हे, बारा-तेराच्या दुष्काळात. तेव्हाच सगळ्या तालुक्यात न फवारलेलं वांगं शोधून सापडत नव्हतं, आता तर विचारूच नका. दगडाबाई गेली, परसाच्या जागी गोदाम उभं राहिलं, कंटेनर लागतात तिथं. म्हणजे ह्या जातीचे भोळे कोळी आता जगात कुठं असतील तर माझ्या ह्या मागच्या खोलीत. सोळा साली संस्थेत पाण्याची बोंब झाली, वातानुकूलन बंद, सगळं बंद, ‘मॅडम, हे किडे फेकून द्या’ म्हणाले. फेकते कशाला? रिक्षात मांडीवर ट्रे घेऊन आले घरी. निवृत्त झाले तरी ठेवले.

कशासाठी? तेच तर. बसा, उभ्या किती राहाल. तुमच्याकडं उवांना सीताफळाच्या बिया वाटून लावतात ना डोक्याला? आणि डोळ्यात गेलं तर? — हां, डोळा जातो. त्याच बियांचा अर्क. आमच्या संस्थेत त्याच्यावर काम चाललं होतं, कोळ्यावर जालीम, आणि झाडाचंच औषध, म्हणजे लोकांना भरवसा. मरतात किती ते मोजणं सोपं, ते शेंबडं पोरही मोजेल. माझं काम वेगळं — जे वाचतात ते का वाचतात? आता बघा, कोळ्याच्या अंगात हजारो जनुकं, पण सगळी एकावेळी काम करत नाहीत, बरीचशी गप्प पडून असतात. विष पोटात गेलं की त्यातली काही उठतात — विष पचवायचं काम त्यांचं. वाचलेला कोळी घ्यायचा, चिरडायचा, त्यातून आरएनए काढायचं, यंत्रात टाकायचं, यंत्र सांगतं, कुठलं जनुक किती जोरात काम करतंय. पण किती जोरात म्हणजे कुणापेक्षा? ताप मोजायला थर्मामीटरवर आकडे असतात, इथं तसं काही नाही. इथं दुसऱ्या पारड्यात लागतो विष न पाहिलेला कोळी. त्याच्यापेक्षा किती पट, एवढंच कळतं. म्हणून हे. सगळा तराजू ह्यांच्यावर.

आणि माझं उत्तर आलं होतं, भामाबाई. अर्क खाऊन वाचलेल्यांमध्ये ती जनुकं अशी उसळली होती, की मी तीनदा करून पाहिलं. म्हणजे काय? म्हणजे कोळी हे औषध लवकर पचवायला शिकणार. नुसतं हेच औषध विकाल, तर तीन उन्हाळ्यांत ते पाण्यासारखं होणार. दुसऱ्या कशाबरोबर आलटून-पालटून द्या, जपून द्या — एवढंच म्हणत होते मी, विकूच नका असं नव्हते म्हणत. पण तेव्हा आमच्याकडं श्रीरंग म्हणून एक होते, विभागप्रमुख, मोठं नाव, जीभ अशी गोड की ऐकणाऱ्यानं वही मिटून ठेवावी. त्यांच्यामागं कंपनी लागलेली. त्यांनी काय केलं? खोटे आकडे लिहिले? छे, तसं असतं तर धरता आलं असतं. त्यांनी नुसतं दुसरं पारडं बदललं. ‘एका म्हातारीच्या परसातले कोळी म्हणजे काही खरी परिस्थिती नव्हे’ म्हणाले, आणि जाधववाडीच्या मंडईतून वांगी मागवली, त्याच्यावरचे कोळी घेतले — ते कसले, सात औषधं पचवून बसलेले, त्यांची जनुकं आधीच जागी! मग तुलना केली की काय येणार? इकडंही जागी, तिकडंही जागी. फरक शून्य. निष्कर्ष काय, तर ‘कोळ्याला ह्या औषधावर तोडच सापडत नाही.’ बाटली आली बाजारात. हिरवं पान छापलेली. तुमच्या सिल्लोडात पण विकली असेल.

मी माझं नाव काढून घेतलं त्या शोधनिबंधातून. भांडले. तीन उन्हाळे मी म्हणाले होते, दोनच लागले. लोक औषधाचा डोस दुप्पट करायला लागले, आणि कोळी मरेना. आणि हे काय करत होते? हे सत्कार घेत होते. शाल, श्रीफळ, फेटा — फेटा तर डोळ्यावर यायचा, डोकं लहान आहे ना, पण उतरवायचे नाहीत, घरी येईपर्यंत तसाच, आणि आल्यावर ‘मीनाक्षी, जरा चहा टाक’ — हं. बरोबर पकडलंत. ओठ दाबून हसू नका, हसा मोकळ्या. नवरा आहे माझा. आता पुण्यात असतात, सल्लागार आहेत, दिवाळीला येतात चार दिवस, जेवतात, घोरतात, जातात. काडीमोड वगैरे काही नाही, आमच्यात तसलं करत नाहीत, आमच्यात नुसतं बोलणं कमी करतात. सासरे भिक्षुकी करायचे, दोन पिढ्यांपूर्वी सत्यनारायण सांगायचे घरोघर; हा त्याच घराण्याचा, कथा रंगवायची सवय रक्तातली आहे. जाऊ द्या. मी हे कशाला सांगतेय तुम्हाला? तुम्ही औषध टाकायला आलात.

तर औषधाचंच सांगते. माझ्याकडं एक मुलगी आहे, तनुजा. करमाडचीच, काकासाहेबांची मुलगी — शेतकरी माणूस, बरीच जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, राहिली त्यात वांगी करायचे, आणि त्या हिरव्या बाटलीनं वांगी काही वाचली नाहीत, दोन वर्षांमागं उन्हाळ्यात उपटून टाकली सगळी. पोरगी तेव्हाच पेटून उठली होती. मला निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण आली माझ्याकडं. ‘मॅडम, तुमचे कोळी द्या, मी परत करते ते काम, नीट करते, सरांचं खोटं होतं ते पुराव्यानं दाखवते.’ मला काय वाटलं म्हणून सांगू — पोटची मुलगी नाही मला, पण त्या दिवशी वाटलं, आहे. वर्षभर ती इथून कोळी न्यायची, प्रयोगशाळेत नेऊन अर्क द्यायची, यंत्रात टाकायची. आणि एक दिवस आली, इथंच, ह्याच स्टुलावर बसली, मान खाली. म्हणाली, मॅडम, फरक येत नाही. परत केलं, येत नाही. मॅडम — सरांचंच बरोबर निघतंय.

सरांचंच बरोबर! कानात उकळतं तेल ओतावं तसं झालं. तिला म्हणाले, बरं, जे येतंय ते लिही, शास्त्र आहे हे, कुणाच्या बापाचं नाही. ती गेली आणि मला झोप कुठली. मग ट्रेमधले कोळी मीच उचलले, नुसते, अर्क वगैरे काही न दिलेले, एका जुन्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत नेले, बारा-तेराच्या माझ्या आकड्यांसमोर ठेवून पाहिले. जागी होती सगळी. काहीही न देता! विष पचवायची जनुकं ह्या माझ्या भोळ्यांच्या अंगात अशी काम करत होती, जणू मंडईतलेच ते. आता विष आलं कुठून? फवारत नाही, धूप जाळत नाही, घरात डासांची उदबत्ती लावत नाही, पाहुण्यांनासुद्धा ह्या खोलीत येऊ देत नाही. मग डोक्यात आलं — पाणी. ट्रेमधलं पाणी.

संस्थेत शुद्ध पाण्याचं यंत्र होतं, इथं कुठलं. फिल्टरचं वापरलं असतं, पण त्यात एक तांब्या मिळवायला तीन तांबे वाया जातात, आणि दुष्काळात वाढलेल्या माणसाला ते बघवत नाही, हात पुढं होत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन. मग आपली साधी रीत — नळाचं पाणी गच्चीवरच्या निळ्या पिंपात भरायचं, दोन दिवस उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून जातं, तेच घ्यायचं. वर्षानुवर्षं तेच केलं. उघडं ठेवलेलं पिंप. समजतंय ना आता मी काय विचारणार आहे? तुम्ही उघडं पिंप दिसलं की औषध टाकता. टाकायलाच पाहिजे. थेंबभर. तेच पाणी ट्रेच्या कापसातून पानात जातं, पानातून ह्यांच्या पोटात. माणसाला काही होत नाही त्यानं, कोळीही मरत नाही. मेले असते तर बरं होतं, कळलं तरी असतं. तेवढ्यानं मरत नाहीत, जागे होतात नुसते.

म्हणून थांबवलं तुम्हाला. एवढंच सांगा, खरं सांगा, कुणी काही म्हणणार नाही — निळ्या पिंपात तुम्ही कधीपासून टाकताय? ह्या उन्हाळ्यात पहिल्यांदा टाकलं असेल, नाही का? मार्चात वगैरे? कारण तनुजाचं काम मार्चाच्या आधी संपलं होतं, म्हणजे तसं असलं तर… नाही? मग संक्रांतीला? …त्याच्याही आधी. कधी? …श्रावण. मागचा नाही, त्याच्या आधीचा श्रावण. म्हणजे मी पुण्याला गेले होते तेव्हा — ह्यांचा सत्कार होता, जीवनगौरव, मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तेव्हा तुम्ही आलात, आणि खालच्या भाडेकरूनं फाटक उघडलं. आणि तेव्हापासून दर पंधरवड्याला. न चुकता. हो, हो, तुम्ही काम नीट करता, दिसतंय ते. बाकीच्या टाळाटाळ करतात, तुम्ही नाही. काय नशीब.

तनुजानं कामाला सुरुवात केली त्याच वर्षी, दसऱ्याला.

नाही, काही नाही, बसा. म्हणजे सुरुवातीपासूनच — तिचं एकही पान स्वच्छ नाही. एकही. ज्या खोटेपणासाठी मी नवऱ्याशी बोलणं टाकलं, तोच खोटेपणा मी ट्रेमध्ये रोज हातानं ओतत होते, आणि ती पोर ते खरं समजून लिहीत होती. त्यांनी तरी मुद्दाम केलं, त्यांना माहीत होतं काय करतोय. आता बघा, तुम्हीच सांगा, तुम्हाला ह्यातलं काही घेणं-देणं नाही म्हणून विचारते. मी तिला सांगितलं, की बाई, तुझे कोळी पहिल्या दिवसापासून बाटलेले होते, तर तिचा प्रबंध गेला कचऱ्यात. शिष्यवृत्ती संपलीय. वय तिशीच्या पुढं गेलंय, घरचे लग्नासाठी अडून बसलेत, काकासाहेब एकटेच तिच्या बाजूनं उभे आहेत. परत सुरू करायचं तर कशावर करणार? भोळे कोळी राहिलेच नाहीत जगात. आणि नाही सांगितलं, तर तिला पदवी मिळते, आणि छापून येतं, की श्रीरंग खरे होते. माझ्या विद्यार्थिनीनं सिद्ध केलं, माझ्या कोळ्यांवर! कंपनीची बाटली बंद पडायला आली होती, लोक शिव्या घालत होते. आता हा कागद दाखवून परत विकतील, आणि काकासाहेबांसारखे परत फवारतील आणि परत उपटतील. आणि हे फोन करतील मला. चिडवणार नाहीत, तेवढे सभ्य आहेत. ‘चालायचंच, मीनाक्षी’ म्हणतील. त्या ‘चालायचंच’वर मी मरेन.

नाही. सांगणार आहे मी. ठरलंय माझं. तिला आजच बोलावलंय त्यासाठी, येईलच. पोरगी रडेल, मलाही शिव्या देईल मनातल्या मनात, देऊ दे. निदान एकानं तरी खरं बोलावं ह्या सगळ्यात. आणि तुम्ही थांबा दोन मिनिटं, तिच्यासमोर सांगा श्रावणापासून म्हणून, माझ्या एकटीच्या तोंडून तिला पटायचं नाही, तिला वाटेल मॅडमना सरांचा राग आहे म्हणून काहीतरी काढतायत. तेवढं कराल ना? चहा टाकते तोवर. बघा — बेल. तीच.

ये गं, ये. केवढी घामाघूम झालीस, स्कूटीवर तोंडाला काही बांधत जा. ह्या भामाबाई, पिंपात औषध टाकतात त्या. बस. मला तुझ्याशी — हे काय? पेढे? कशाचे? …मिळाली? तारीख मिळाली तोंडी परीक्षेची? पुढच्या महिन्यात? अगं! बाबांना सांगितलंस? काय म्हणाले काकासाहेब? …रडले? ते रडले? …शेतात जाऊन सगळ्यांना ओरडून सांगितलं. हो, सांगणारच. डॉक्टर झाली लेक. आणि काय? आणखी काय लपवतेस, बोल. …नोकरी. कुठं? …कंपनीत. त्याच. कुणी शब्द टाकला? …सरांनी. फोन आला त्यांचा तुला. काय म्हणाले? …‘मीनाक्षीची विद्यार्थिनी म्हणजे शंकाच नको.’ असं म्हणाले. हो. मोठं मन आहे त्यांचं. नाही गं, मी कशाला रागावू. तू घे नोकरी. घ्यायचीच. रडू नकोस, आनंदाच्या दिवशी रडतात का, वेडी.

मी? मी बोलावलं होतं ते… हो. सांगायचं होतं. तनुजा, कोळी गेले आपले. म्हणजे आहेत जिवंत, पण आता उपयोगाचे नाहीत. पिंपात डासांचं औषध पडलं, आणि तेच पाणी माझ्या हातून ट्रेमध्ये गेलं. कधी म्हणजे… आज. आज सकाळी. ह्या बाई आल्या होत्या, मला कळलंच नाही. नाही, नाही, तुझ्या कामाला काही झालेलं नाही, तू कशाला घाबरतेस? तुझं सगळं आधीचं आहे. आधीचं सगळं स्वच्छ आहे, मी सांगते ना. भामाबाई, तुम्ही काही बोलू नका. माणसाच्या हातून चूक होते, कुणी तुमची तक्रार करणार नाही. हा पेढा घ्या, आणि निघा तुम्ही, पुढची घरं राहिली असतील.